सहासष्ट प्रांत, सहासष्ट गावे

दिवाळीला आठवडा उरला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली ठेवलेली गोणपाटे बाहेर येतात. विटांचे तुकडे, एखादे मोडके स्टूल, त्यावर गोणपाट आणि वरून लाल मातीचा लपका. उतारावर अळीव पेरतात. चार दिवसांत ते उगवतात आणि किल्ल्याला हिरवळ येते. मग सिंहासनावर महाराज, दरवाजाशी भालदार, पायथ्याशी तोफ. लहानपणी मी हे सगळे केले आहे आणि आजही मुलांच्या हाताखाली माती कालवायला बसतो. पण गेली काही वर्षे त्या किल्ल्याकडे बघताना एक प्रश्न मनातून जात नाही. किल्ला आहे, पण तो कशावर नजर ठेवतो? खाली घाट नाही, बंदर नाही, नाका नाही, भाताचे शेत नाही. पायथ्याची जमीन तिथे नसतेच.

हा प्रश्न मला खेळांनी शिकवला. डावपेचांचे आणि त्याच वेळी भूमिका घेऊन खेळायचे खेळ, म्हणजे ज्यात खेळाडू एका घराण्याचा कारभारही पाहतो आणि त्या घराण्यातला एक माणूस म्हणून बोलतो, वागतो, शब्द देतो आणि मोडतोही, असे खेळ आता अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या घराघरांत रविवारी मांडले जातात. तरुण मुले स्वतः नकाशे काढतात. त्यांतल्या निम्म्यांहून जास्त नकाशांवर सामुराईंचा जपान असतो. मी असे बरेच नकाशे पाहिले आहेत, त्यांतले काही खेळलो आहे. जपानच्या सरंजामी काळाचा नकाशा खेळासाठी कसा काढावा, कुठे फसतो, कुठे जमतो, आणि तेच ज्ञान आपल्या पायाखालच्या जमिनीला लावले तर काय हाती लागते, याचा हा आढावा.

या प्रकारच्या खेळाचे मूळ जपानात नाही, प्रशियात आहे. १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने सैन्याच्या शिक्षणासाठी एक खेळ सिद्ध केला. त्याचे पटावरचे चौकोन गेले आणि त्यांच्या जागी १:८००० प्रमाणाचा खराखुरा नकाशा आला. शिवाय एक पंच आला, जो दोन्ही बाजूंना दिसणारे तेवढेच सांगे. आजच्या भूमिका-खेळातला सूत्रधार हा त्याच पंचाचा वंशज. पुढे १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि सैन्याच्या जागी एकेक माणूस खेळू लागला. जपानी विषयाला संगणकावर डावपेचांचे रूप दिले ते १९८३ मध्ये कोएई कंपनीच्या 'नोबुनागाज ॲम्बिशन'ने, ज्यात सुरुवातीला मध्य जपानचे फक्त १७ प्रांत होते. १९८६ चा 'शोगन' हा पटावरचा खेळ आणि २००० चा संगणकावरचा 'शोगन: टोटल वॉर' यांनी तो जगभर नेला. 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज'ने १९९५ पासून वेगळी वाट धरली. त्याने जपानसारखा दिसणारा पण कल्पित असा रोकुगान नावाचा देशच रचला. खऱ्या इतिहासाला बांधून राहायचे की त्याच्या वळणाचा कल्पित देश उभारायचा, हा फाटा तेव्हापासून प्रत्येक नकाशाकाराच्या वाटेत येतो.

मी बघितलेल्या हौशी नकाशांत एक चूक सतत दिसते. किल्ले खूप, चेरीची झाडे खूप, देवळांच्या लाल कमानी खूप, आणि तांदूळ कुठेच नाही. सगळे प्रांत साधारण सारख्या आकाराचे, प्रत्येकाला एक किल्ला, एक शहर, एक रंग. खेळ समतोल व्हावा म्हणून असे केले जाते. त्या समतोलातच खेळ मरतो. कारण जपानच्या त्या यादवीच्या काळात, १४६७ च्या ओनिन युद्धापासून १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईपर्यंत, जे काही घडले ते जमीन असमान होती म्हणून घडले.

ताकेदा शिंगेन या सरदाराचा काई प्रांत घ्या. चहूबाजूंनी डोंगर, बचावाला उत्तम, पण समुद्र नाही. समुद्र नाही म्हणजे मीठ नाही. शेजारच्या इमागावा आणि होजो घराण्यांनी त्याचे मीठ अडवले, आणि त्याचा जन्मवैरी उएसुगी केनशिन याने मात्र आपल्या किनाऱ्यावरून मीठ जाऊ दिले, अशी कथा जपानात आजही सांगतात. कथेत भर किती आणि खरे किती हा वाद बाजूला ठेवू. नकाशाकाराला त्यातून कळते ते असे की मिठागराच्या एका चिन्हाने दोन प्रांतांचे नाते जिवंत होते. तसेच केनशिनच्या एचिगो प्रांताचे बर्फ. हिवाळ्यात खिंडी बंद, सैन्य घरी. कावानाकाजिमाच्या मैदानात हे दोघे १५५३ ते १५६४ दरम्यान पाच वेळा समोरासमोर आले आणि निकाल लागला नाही, यात त्या खिंडींचा आणि ऋतूंचा वाटा मोठा आहे. खेळात हिवाळ्याची खेळी वेगळी ठेवली नाही तर केनशिन हा केनशिन राहत नाही, पटावरची आणखी एक सोंगटी होतो.

आणि तांदूळ. तिथले माप कोकू. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात साधारण दीडशे किलो, एका माणसाचे वर्षाचे अन्न. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८२ पासून जमिनीची मोजणी करवली आणि प्रत्येक सरदाराची पत कोकूंत ठरली. पुढे तोकुगावा शोगनांच्या काळात दहा हजार कोकूंच्या वर ज्याची जमीन तो दाइम्यो, असा दंडक झाला. दहा हजार कोकूंमागे अडीचशे-तीनशे माणसे लढाईला उभी राहतात, असा एक ढोबळ हिशेब अभ्यासक धरतात. खेळ रचणाऱ्याला याहून मोठे वरदान नाही. जमीन, धान्य, माणसे आणि मानमरातब हे चारही एकाच आकड्यात येतात. जपानचा विषय खेळांना इतका मानवतो याचे खरे कारण मला हे वाटते. तलवारी आणि चिलखते नंतर येतात.

जुन्या जपानचे प्रांत सहासष्ट, इकी आणि त्सुशिमा ही दोन बेटे वेगळी धरून. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हातातले पुस्तक मिटून बसलो. कारण आमच्या बेटाचे नावच तो आकडा आहे. साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावे. गोव्यातल्या साष्टीचेही तेच. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत आणि मढपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत, ज्यावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर उभी आहेत, ते बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला समुद्र. आकडा जुळला हा योगायोगच. पण त्यामुळे मी जपान बाजूला ठेवला आणि ड्रॉइंग पेपरवर साष्टी काढायला बसलो, १७३७ मध्ये मराठे ती पोर्तुगीजांकडून घ्यायला उतरले तेव्हाची.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. जपानचे मुख्य बेट होन्शू सुमारे तेराशे किलोमीटर लांब. साष्टी वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत तीस किलोमीटरच्या आत आणि रुंदीला वीस. जपानच्या नकाशात एक घर म्हणजे एक प्रांत आणि एक खेळी म्हणजे एक ऋतू, हे शोभते. साष्टीत तुकडी निघाली की दोन दिवसांत बेटाच्या दुसऱ्या टोकाला. मी एक कोस, म्हणजे अंदाजे तीन किलोमीटर, रुंदीची सहाकोनी घरे आखली. बेट साठ-सत्तर घरांत बसले. म्हणजे जवळजवळ एक घर, एक गाव. नावातला हिशेब कागदावर उतरला. इतक्या लहान जमिनीवर प्रत्येक पाड्याला महत्त्व येते. जपानच्या नकाशावर जो पाडा दिसलाही नसता, तो इथे नाका होतो आणि होता होता अख्ख्या मोहिमेची किल्ली होतो.

दुसरा प्रश्न मधल्या डोंगराचा. आज आपण त्याला नॅशनल पार्क म्हणतो, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी त्यात, पाण्याची खोदीव टाकी त्यात, आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेले विहार आणि तुळशी तलाव त्याच्याच कुशीत. बोरिवलीहून मुलुंड सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटर. तरी बोरिवलीचा माणूस मुलुंडला यायला दादरपर्यंत खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, नाहीतर घोडबंदरला वळसा घालतो. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो झाली तेव्हा पूर्व-पश्चिम जोडणारी गाडी पहिल्यांदा मिळाली, तीही डोंगराच्या दक्षिणेकडून. तेव्हा १७३७ मध्ये या डोंगराने काय केले असेल ते मुंबईकराला वेगळे सांगायला नको. डोंगर बेटाचे दोन लांबट पट्टे करतो. पूर्व पट्टा ठाण्याच्या खाडीचा, मिठागरांचा. पश्चिम पट्टा समुद्राचा, मच्छीमार गावांचा, वेसावे आणि मढचा. पट्टे जोडणारी दारे दोनच, उत्तरेला घोडबंदर आणि दक्षिणेला कुर्ला-माहीमची बाजू. उत्तरेच्या दाराशी पोर्तुगीजांनी किल्ला बांधला होता, शिवाजी महाराजांच्या फौजेने तो १६७२ मध्ये घ्यायचा प्रयत्न केला आणि तो तेव्हा हाती आला नाही. नकाशा मांडला की तो तिथेच का बांधला हे वेगळे समजवावे लागत नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि इथे साष्टीने मला जपानपेक्षा जास्त शिकवले. जपानात बर्फ, इथे भरती-ओहोटी. कोकणात गड बघायला जाणाऱ्या भटक्यांना आणि दर्यावर जाणाऱ्या कोळ्यांना एक हिशेब तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचे, पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याला सहा तास मिळवले की ओहोटी. खाडीच्या आत थोडे उशिरा. मी हा हिशेब जसाच्या तसा खेळाचा नियम केला. एक खेळी म्हणजे एक तिथी, आणि पटाच्या कडेला पंचांग.

पहिल्यांदा हा नियम लावून आम्ही बसलो तेव्हा मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्या मुलीने कळव्याच्या बाजूने ठाण्यावर मध्यरात्री होड्या सोडल्या. तिथी वद्य अष्टमी. मी गुणाकार करून दाखवला. सहाला भरती म्हणजे बाराला ओहोटी. होड्या गाळात रुतल्या. तिने पंचांग स्वतःकडे ओढून घेतले आणि बराच वेळ बघत राहिली. पौर्णिमेला मध्यरात्री पाणी भरपूर, पण चांदण्यात खाडीवरची होडी तटावरून दिसते. मग तिचे बोट अमावस्येवर थांबले. पाणी पौर्णिमेइतकेच, उधाणाचे, आणि काळोख. पुढचे सात दिवस, म्हणजे सात खेळ्या, तिने हल्ला केला नाही. फक्त होड्या गोळा केल्या आणि गावकऱ्यांना फितवले. मी एवढी वर्षे नियम लिहितो आहे, पण इतका चांगला नियम मी स्वतः कधी लिहिला नव्हता. तो चंद्राने लिहिला होता.

वर्षाचा मोठा ऋतूही तसाच बांधलेला. मृग लागले की समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला उघडतो. त्या अडीच महिन्यांत गोव्याहून पोर्तुगीजांना गलबताने कुमक येत नाही. दुसरीकडे चिखलातून तोफा ओढता येत नाहीत. दोघांचेही हात बांधलेले, पण वेगवेगळ्या दोरांनी. असा ऋतू खेळात असला की वाटाघाटी आपोआप रंगतात, कारण दुसरे करायला काही नसते.

प्रत्यक्ष मोहिमेचे थोडक्यात सांगतो, कारण ती मराठी वाचकाला ठाऊक आहे आणि य. न. केळकरांनी 'वसईची मोहीम' या पुस्तकात तिचा तपशील दिला आहे. १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. तो अजून पुरा बांधूनही झाला नव्हता. घोडबंदर, अर्नाळा, बेलापूर हातात आले. वेसावे आणि उत्तनजवळची धारावी १७३९ च्या आरंभी पडली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. वसईला तीन बाजूंनी पाणी, उत्तरेच्या जमिनीकडून वेढा, बुरुजांखाली सुरुंग. शरण आलेल्या फौजेला हत्यारांसह जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माची मोकळीक दिली. खेळाच्या दृष्टीने मला या तहाची कलमे लढाईपेक्षा मोलाची वाटतात. डाव कसा संपतो याचे दोनच पर्याय, जय नाहीतर सर्वनाश, असे बहुतेक खेळांत असते. इथे तिसरा पर्याय इतिहासानेच लिहून ठेवला आहे.

आता पक्ष. जपानच्या खेळात घराणी असतात, म्हणून तो रंगतो. साष्टीच्या पटावर किती आहेत मोजून पाहा. पेशवे. वसईचे पोर्तुगीज, ज्यांना हा मुलूख १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून मिळाला. माहीमच्या खाडीपलीकडे मुंबईत इंग्रज, वरवर तटस्थ, पण पोर्तुगीजांना चर्चची चांदी तारण ठेवून कर्ज देणारे, आणि वसई पडताच कॅप्टन इंचबर्डला चिमाजीअप्पांकडे तहाला पाठवणारे. जंजिऱ्याचा सिद्दी, ज्याचा सरदार सिद्दी सात १७३६ मध्ये चिमाजीअप्पांशी लढताना पडला. एकमेकांशी भांडणारे आंग्रे बंधू संभाजी आणि मानाजी. आणि या सगळ्यांच्या पायाखाली साष्टीची रयत.

या रयतेतच भूमिका-खेळाचा खरा माल आहे. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू किती वर्षे पेशव्यांकडे खेपा घालत होते, साष्टी घ्या म्हणून विनवीत होते, बातम्या पुरवीत होते, हे साष्टीच्या बखरीत येते. मालाडचे वतनदार अंतजी रघुनाथ कावळे हे त्यांच्या जोडीचे. यांच्याकडे फौज नाही. यांच्याकडे माहिती आहे, नातीगोती आहेत, कोणत्या नावाड्यावर भरवसा ठेवायचा ते ठाऊक आहे. सरदार खेळायला मिळाला की खेळाडू सैन्य मोजतो. अंजूरकर खेळायला मिळाला की तो बोलायला लागतो. डावपेच आणि भूमिका एकाच पटावर आणायच्या असतील तर मधल्या फळीतला असा माणूस लागतो, आणि जपानच्या नकाशातही गावचा मुखिया, व्यापारी, भिक्षू असे लोक आणले की खेळ सुधारतो, हा माझा अनुभव.

सरंजामी हा शब्द आपण जपानसाठी सहज वापरतो. साष्टीतही ती व्यवस्था शब्दशः होती. पोर्तुगीज राजाने वसई प्रांतातली गावे आपल्या फिदाल्गो सरदारांना आणि धर्मसंघांना पिढ्यांच्या बोलीने लावून दिली. वर्षाला फोरो नावाचा खंड भरायचा आणि गावच्या ऐपतीप्रमाणे घोडा आणि हत्यारबंद माणूस राजाच्या चाकरीला ठेवायचा. जमीन घ्या, घोडा द्या. सामुराईच्या जमिनीचा करार याहून फार निराळा नव्हता. कोकूच्या जागी इथे भाताचा मुडा, पोर्तुगीज दप्तरात त्याचा मुरा झाला. भाताचाच पुढे इंग्रजीत 'बॅटी' झाला. साष्टीचा तांदूळ गोव्याला जाई. म्हणजे खेळात साष्टी पोर्तुगीजांच्या हातून गेली की गोव्याची कोठारे रिकामी होत जायला हवीत. मी तसा नियम केला आहे आणि त्याने पोर्तुगीज खेळाडूची झोप उडते.

मिठाचे तर बोलायलाच नको. मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपरची मिठागरे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जाताना आजही दिसतात, आगरी या नावातला आगर तोच. शिंगेनला ज्याच्यासाठी शत्रूच्या दयेवर राहावे लागले ते आमच्या खाडीकाठी वाफ्यांत पांढरे होत पडलेले असायचे. घाटावर मीठ जायचे तर याच काठावरून. मिठाचे घर ताब्यात ठेवणाऱ्याला घाटावरच्या बाजाराशी बोलणी करायचा हक्क, एवढा साधा नियम पटाला पुरला.

जपान आणि साष्टी या दोन नकाशांना एक माणूस प्रत्यक्ष जोडतो, आणि तो वसईचा आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमाला उतरले आणि जपानात बंदूक गेली. वसई त्यांच्याकडे येऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्याच वसईत पुढे गोन्सालो गार्सिया जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापारात पडला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून हिदेयोशीच्या दरबारात उभा राहिला. ज्या हिदेयोशीने जमीन कोकूंत मोजवली, त्याच्याशी वसईच्या मुलाने त्याच्याच भाषेत बोलणी केली. चार वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवले, त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. वसईत त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. बोरिवलीच्या ज्या मुलांनी मला सामुराईंचे नकाशे आणून दाखवले त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हते. जपानचाच खेळ मांडायचा असेल तर मांडावा, मनापासून मांडावा, पण त्यात दुभाषा ही भूमिका ठेवावी. दोन भाषांच्या मध्ये उभा असलेला, दोन्ही बाजूंना संशय येणारा माणूस. तो खेळणे सगळ्यात अवघड आहे आणि मी बघितलेले सगळ्यात चांगले डाव त्या भूमिकेतून आले आहेत.

वातावरण उभारायचे म्हणजे पोशाख नव्हे, नावे. कल्पित जपान रचणारी मुले यामा म्हणजे डोंगर, कावा म्हणजे नदी, शिमा म्हणजे बेट एवढे शिकून घेतात आणि गावांना नावे देतात. पद्धत चांगली आहे. तीच इथे लावावी. बोरिवली, कांदिवली, डोंबिवली यांतली 'वली', शिवाय 'पाडा', 'कोपर', 'गाव'. एवढे हाताशी असले की नवे गाव रचताना ते परके वाटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच जागेची दोन-तीन नावे. मराठ्यांचे वेसावे, इतरांचे वर्सोवा. बोरिवलीचे मंडपेश्वर घ्या. आधी शिवाचे लेणे, मग फ्रान्सिस्कनांनी तिथे चर्च आणि मठ केला, मराठे आल्यावर पुन्हा देऊळ. पटावर अशा जागेला एकच चिन्ह देऊन चालत नाही. मी तिथे तीन चिठ्ठ्या एकावर एक ठेवतो आणि वरची कोणती हे घर कोणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरते.

हे लिहिताना एक काळजी मनात असते ती स्पष्ट सांगतो. गोराई, उत्तन, वांद्रे, वसईची ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे आजही इथेच आहेत, मराठी बोलतात. पोर्तुगीज अंमलात देवळे पडली, धर्मांतरे झाली, छळ झाला, हे खरे आहे आणि ते नकाशावरून पुसू नये. पण त्या गावातला कोळी, भंडारी, कुणबी हा शत्रूची सोंगटी नाही. माझ्या पटावर ख्रिस्ती गावांची निष्ठा खेळाडूला कमवावी लागते, सगळ्या गावांसारखीच. जपानच्या खेळांतही गावकरी हे जळण्यासाठीच असतात असा एक प्रकार रूढ आहे. तो मला मान्य नाही.

नकाशाला आधार कुठून घ्यायचा, असे मला मुले विचारतात. जपानसाठी इंग्रजीत भरपूर आहे. साष्टीसाठीही आहे, फक्त ते खेळाच्या कपाटात कोणी ठेवत नाही. केशवाचार्याचा १४४८ चा भाग ज्यात आहे ती 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली. बिंब राजापासूनची हकीकत, कुळे, गोत्रे, वृत्ती आणि गावांच्या याद्या. त्या याद्यांत आजची कितीतरी उपनगरे ओळखू येतात. भूमिका-खेळासाठी लोक पैसे मोजून जी जग-वर्णनाची पुस्तके घेतात, तसलेच हे पुस्तक, फरक एवढाच की ते खऱ्या जगाचे आहे. १८८२ चा ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर घ्या, बंदरे, पिके, वाटा, नाकी सगळे मिळेल. गेर्सन दा कुन्हांचे चौल आणि वसईवरचे १८७६ चे पुस्तक घ्या, पोर्तुगीज बाजू कळेल. कागद एवढाच लागतो. बाकीचे पायाने. घोडबंदरच्या बुरुजावर उभे राहून खाडीचे वळण एकदा बघितले की त्या घराला किती किंमत द्यायची हे हाताला कळते.

याच बेटावर दुसरा डावही आहे, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले तिथपासून १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडे राहिली तिथपर्यंतचा. तो मी अजून मांडलेला नाही. त्यात पुण्यातली भाऊबंदकी येते आणि त्यासाठी पट पार घाटावर न्यावा लागतो.

एक विनंती करतो. येत्या दिवाळीत किल्ला कराल तेव्हा पायथ्याशी परातभर पाण्याची खाडी करा. तिच्या काठाला मिठाचे चार वाफे आखा, पलीकडे एक गाव ठेवा आणि कालनिर्णय बघून रोज त्या तिथीची भरती किती वाजता ते एका चिठ्ठीवर लिहून लावा. मुलांना मावळे हलवायला सांगा. लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते. त्या रात्री पाणी पूर्ण भरलेले असेल आणि चांदणे नसेल.